झाडलोट : एका खात्याचा इतिहास

आपल्या सोसायटीच्या जमाखर्चात पहिल्या वर्षापासून आजपर्यंत एक खातं न चुकता दिसतं : ‘झाडलोट व स्वच्छता’. बोअरच्या मोटारीचं खातं मागाहून आलं, जिन्यातल्या दिव्यांचं त्याहून उशिरा. गणेशोत्सवाचं खातं काही वर्षं वेगळं होतं, काही वर्षं नव्हतं. झाडलोटीचं मात्र दरसाल आहे. मी काही वर्षं सोसायटीचा खजिनदार होतो, त्यामुळे हे खातं माझ्या चांगल्या ओळखीचं. त्यावर कधी चर्चा झाल्याचं एकाही सभेच्या इतिवृत्तात सापडत नाही. रक्कम वाचली जाते, माना हलतात, पुढचा विषय.

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहा, असं संपादक मंडळाने सुचवलं. इमारत कशी उभी राहिली, कर्ज कसं फिटलं, हे इतर सभासदांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं आहे. म्हणून मी हे न बोललेलं खातं निवडलं. आपलं आवार, आपल्यासमोरचा रस्ता आणि गावाच्या मोकळ्या जागा आजवर कोणी झाडल्या, कशा झाडल्या आणि झाडणाऱ्याच्या हाताचं काय झालं, याचा हा थोडक्यात लेखाजोखा. शेवटी एक प्रस्तावही आहे. तेवढ्यासाठी तरी लेख पुरा वाचावा ही विनंती.

केरसुणी आणि खराटा

आपल्याकडे घर झाडायची केरसुणी वेगळी आणि अंगण झाडायचा खराटा वेगळा. केरसुणी शिंदीच्या पानांची, मऊ. खराटा नारळाच्या हिरांचा, नाहीतर तुराट्यांचा, कडक. शेणाने सारवलेल्या जमिनीवर केरसुणी चाले. खळं, गोठा, वाट यांना खराटाच लागे. कोणती जमीन, कसला कचरा, त्याप्रमाणे हत्यार, हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. अंगण झाडायच्या आधी पाण्याचा सडा शिंपायची रीतही त्यांचीच. सडा शुभ म्हणून घालतात हे खरं, पण सड्याने धूळ खाली बसते आणि झाडणारीच्या नाकातोंडात जात नाही, हेही तितकंच खरं. आज रस्तेसफाईच्या सूचनांमध्ये ‘झाडण्यापूर्वी पाणी मारावे’ असं लिहिलेलं असतं, ते नवीन काही नाही.

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो, ‘लक्ष्मी’ म्हणतो. तिला पाय लागला तर नमस्कार करतो. पण जिच्या हातात ती वर्षभर असते, त्या बाईला किंवा बाप्याला आपण काय म्हणत आलो, हे विचारलं की मान खाली जाते. केरसुणी बांधणारे बहुतेक मातंग समाजाचे. गावाची झाडलोट करणं आणि मेलेली जनावरं ओढणं ही महारकीची कामं. गावगाड्यात ही कामं माणसाच्या मर्जीवर नव्हती, जन्मावर होती. बलुतं म्हणून धान्य मिळायचं, वतन म्हणून जमिनीचा तुकडा असायचा; त्या बदल्यात दिवसरात्र कधीही हाक आली की हजर व्हायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनांविरुद्ध विधेयक आणलं. प्रत्यक्ष वतनं गेली ती १९५८ च्या कायद्याने. म्हणजे माझ्या पिढीची माणसं जन्मली तेव्हा ही पद्धत कायद्याने चालू होती. फार जुनी गोष्ट नाही ही.

शहरांमध्ये दुसरी व्यवस्था आली. १८५० च्या कायद्यानंतर त्याच दशकात सातारा, कऱ्हाड अशा गावांत नगरपालिका झाल्या. रस्ते झाडणं, दिवे लावणं, गटारं काढणं ही त्यांची पहिली कामं. बलुत्याऐवजी पगार आला. पण पगार घेणारे हात बदलले नाहीत. कामाला नाव नवीन मिळालं, माणसं मात्र त्याच समाजांतली राहिली.

प्लेगने शिकवलेला धडा

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग असल्याचं डॉ. व्हिएगस यांनी ओळखलं. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गावी पळाले. घाटावरच्या आपल्या मुलखात तो रोग याच वाटेने आला. त्या वेळचे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना सर्वांत मोठी धास्ती कशाची होती? गिरण्या बंद पडण्याची नव्हे. रस्ते आणि संडास साफ करणारे कामगार शहर सोडून गेले तर काय, याची. ते गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. रुग्णांना जबरदस्तीने हलवण्याचे कडक हुकूम मुंबईत सैल करण्यामागे हेही एक कारण होतं. एरवी ज्यांच्याकडे कोणी पाहत नसे, त्यांच्या हातात सगळं शहर आहे हे साथीने दाखवून दिलं.

त्याच साथीत आपल्या जिल्ह्याच्या एका लेकीने जीव दिला. सावित्रीबाई फुले मूळच्या नायगावच्या, आज ते गाव खंडाळा तालुक्यात आहे. प्लेग पुण्यात पोचल्यावर त्यांनी मुलगा डॉ. यशवंत याच्यासह हडपसरच्या बाजूला रुग्णांची सेवा सुरू केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातून लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. घाणीचा आणि रोगाचा संबंध तेव्हा सगळ्यांना कळला होता. पण घाण काढणाऱ्याला रोगापासून वाचवायचं कसं, हा प्रश्न मागेच राहिला. तो अजून तिथेच आहे, म्हणून हा लेख.

ज्यांनी खराटा स्वतःहून उचलला

जन्माने वाट्याला न आलेलं हे काम काही थोरांनी आपणहून घेतलं. सेनापती बापट इंग्लंडला जाऊन आलेले, शिकलेले. १९१५ च्या सुमारास पारनेरला परत आल्यावर ते रोज सकाळी हातात झाडू घेऊन गावचे रस्ते झाडत. लोक हसले, मग गप्प झाले, मग काहींना लाज वाटली.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धन झाले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सत्याग्रही कैदी असताना त्यांनी भंगीकाम मागितलं. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही असा नियम आडवा आला. अप्पांनी अन्न कमी केलं. ही गोष्ट येरवड्यात गांधीजींना कळली आणि ३ डिसेंबर १९३२ रोजी त्यांनीही उपोषण सुरू केलं. सरकारने विचार करण्याचं मान्य केल्यावर ते लगेच सुटलं. पुढे अप्पांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. मैल्याला हात न लावता त्याचं खत कसं होईल यासाठी तिथे संडासाचे प्रयोग केले. मला स्वतःला अप्पांचं हे दुसरं काम जास्त मोठं वाटतं. दुसऱ्याचं कष्टाचं काम आपण चार दिवस करणं हा मनाचा मोठेपणा झाला. ते काम त्या पद्धतीने कोणालाच करावं लागू नये अशी सोय करणं, ही पुढची पायरी.

आणि गाडगेबाबा. २३ फेब्रुवारी १८७६ चा जन्म, अमरावती जिल्ह्यातले. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. डोक्यावर मडक्याचं खापर, अंगावर चिंध्या, हातात खराटा. गावात शिरले की आधी झाडायला सुरुवात, रात्री कीर्तन. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात चंद्रभागेचं वाळवंट झाडणाऱ्या बाबांना देवळात जायची घाई कधी नव्हती. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला. साताऱ्याशी त्यांचा धागा कर्मवीर भाऊराव पाटलांमुळे जुळला. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कऱ्हाडला कॉलेज काढलं, त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं. स्वतः अक्षरशत्रू असलेल्या माणसाच्या नावाने कॉलेज! कर्मवीरांनी १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, स्वयंपाक करत आणि झाडलोटही आपापल्या पाळीने करत. ‘रयत’ मधून बाहेर पडलेले कित्येक जण आपल्या तालुक्यात शिक्षक झाले. त्यांच्या शाळेत वर्ग मुलांनीच झाडायचे, हा दंडक होता. आमच्या पिढीच्या हाताला खराटा लागला तो त्या शाळांमुळे.

अभियान आणि आपली सोसायटी

आपली सोसायटी स्थापन झाली त्याच सुमारास, म्हणजे २०००-०१ साली, राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. तेव्हाचे ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील, सगळ्यांचे आबा, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. सरकारी योजनेत लोक स्वतः उतरतात हे मी बँकेच्या नोकरीत फार कमी वेळा पाहिलं. या अभियानात पाहिलं. तपासणीची समिती येणार म्हटलं की अख्खं गाव पहाटे रस्त्यावर. तालुक्यापासून राज्यापर्यंत स्पर्धा, बक्षिसाची रक्कम गावाच्या कामाला. कोरेगाव तालुक्यातल्या धामणेरचं नाव त्या काळात राज्यभर गाजलं.

तेव्हा मेढ्यात ग्रामपंचायत होती, नगरपंचायत मागाहून झाली. घंटागाडी नव्हती. आपल्या आवाराच्या मागचा उतार म्हणजे सगळ्यांची सोयीची कचराकुंडी. आपल्या पहिल्या पिढीच्या सभासदांनी रविवारी श्रमदान करून तो उतार साफ केला. त्यात शिक्षक होते, एस. टी. तले होते, मुंबईहून माथाडीचं काम सोडून आलेले होते. महिला मंडळाने उताराच्या कडेला जास्वंद आणि कण्हेर लावली. लोक झाडावर कचरा टाकत नाहीत, हा त्यांचा अंदाज बरोबर निघाला.

त्या अभियानाचं पीक पंधरा-वीस वर्षांनी आलं असं मला वाटतं. केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिला क्रमांक २०२० साली कऱ्हाडचा आला, २०२१ साली विट्याचा आणि २०२२ साली पाचगणीचा. तीन वर्षं ओळीने, तिन्ही गावं आपल्या सातारा-सांगलीची! पाचगणी तर आपल्या शेजारच्या तालुक्यातली. याचा अभिमान वाटलाच पाहिजे. फक्त फोटोत ढाल घेतलेले हात आणि पहाटे पाचला खराटा धरणारे हात बहुधा वेगवेगळे असतात, एवढं ध्यानात ठेवावं.

आपल्याला आणखी एक कारण आहे. मेढा वेण्णेच्या काठी, आणि खाली कण्हेर धरण. आपल्या ओढ्यात गेलेली पिशवी पहिल्या पावसात वेण्णेत जाते. धरणात अडकली तर तळात बसते. नाही अडकली तर माहुलीच्या संगमावरून कृष्णेत, आणि पुढे सांगलीच्या आयर्विन पुलाखालून वाहत जाते. वरच्या अंगाला राहणाऱ्याने खालच्याचा विचार करायचा असतो. पाण्याचा हा नियम आपल्या शेतकऱ्यांना सांगावा लागत नाही.

जागा साफ नसली की काय होतं

स्वच्छतेचा विषय निघाला की आपण दिसण्यापुरतं बोलतो. छान दिसतं, घाण दिसतं. पण साफ जागा ही आधी सुरक्षित जागा असते. २५ जानेवारी २००५ चा दिवस वाई, जावळी, सातारा इथली माणसं विसरणार नाहीत. मांढरदेवीच्या काळूबाईची पौष पौर्णिमेची जत्रा. अरुंद चढाची वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, लाखोंची गर्दी. फोडलेल्या नारळांचं पाणी आणि तेल पायऱ्यांवर सांडून निसरडं झालेलं. माणसं घसरली, पडलेल्यांवर मागची पडली, मग दुकानांना आग लागली. सुमारे ३०० माणसं गेली. चौकशीसाठी न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला गेला. कारणं पुष्कळ होती. पण ओल्या, निसरड्या पायऱ्या हे त्यातलं एक होतं. ती वाट दिवसभर सतत पुसत, राख-भुसा टाकत, नारळ फोडायची जागा वेगळी ठेवत कोणी राखली असती तर, हा विचार मनातून जात नाही.

आपल्या जिन्यावरचं शेवाळ हा त्याचाच लहान भाऊ. मेढ्याचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर पायऱ्या हिरव्या होतात. दर आठवड्याला कडक ब्रशने शेवाळ घासून काढायचं, पाणी साचू द्यायचं नाही, आणि हे काम पाऊस उघडल्यावर दिवसाउजेडी करायचं. एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून लावावी अशी : टी.सी.एल. पावडर आणि संडासाचं ॲसिड कधीही एकत्र करू नये. दोन्ही मिळून जास्त साफ होईल असं वाटतं, पण त्यातून क्लोरिन वायू निघतो. बंद जागेत तो छातीत भरला तर माणूस दगावू शकतो.

कायदा काय म्हणतो

कायद्याने या बाबतीत पुष्कळ वाट चालून झाली आहे. राज्यात लाड समिती आणि नंतर पागे समिती नेमली गेली. रोजगार हमीचे जनक वि. स. पागे यांनी त्या योजनेचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केला, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी देण्याच्या ‘लाड-पागे’ शिफारशींवर आजही नगरपालिकांत नेमणुका होतात. कुटुंबाला आधार मिळतो, हे तिचं बळ. बापाचाच खराटा मुलाच्या हाती येतो, ही तिची दुखरी बाजू. पण ठेकेदारीत तेवढंही संरक्षण नसतं, म्हणून कामगार तिला धरून आहेत.

हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा, दुसरा अधिक कडक २०१३ चा. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हा गुन्हा ठरला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर पाच वर्षं आणि पाच लाख. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा मृत्यूसाठी दहा लाख भरपाईचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती तीस लाख केली.

आपल्या सोसायटीला ड्रेनेज लाइन नाही, सेप्टिक टँक आहे. म्हणून हा कायदा दिल्ली-मुंबईचा नाही, आपला आहे. टाकी मशीनच्या टँकरनेच उपसायची. तळाशी गाळ राहिला तर राहू दे, माणूस आत उतरणार नाही. झाकण उघडलं की वरूनही वाकून पाहायचं नाही आणि जवळ काडी ओढायची नाही. टाकीतला वायू सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा घाण येतो, पण जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं. माणसाला वाटतं, हवा साफ झाली. तोच क्षण घाताचा.

२०१६ च्या घनकचरा नियमांत रस्ते झाडणाऱ्यांना गणवेश, चमकणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणं आणि मास्क मिळालेच पाहिजेत असं स्पष्ट होतं. त्याच नियमांत आपल्यासाठी, म्हणजे कचरा करणाऱ्यांसाठी, ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन ठिकाणी कचरा द्यायचं बंधन होतं. डायपर, सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यायचे. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच पुढे २००८ साली ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था झाली. त्या बायकांनी एक साधी युक्ती काढली : पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल टिंब काढा. टिंब दिसलं की हात आपोआप सावध होतो. पेनाची एक टिकली, खर्च शून्य. नोकरीत मी कितीतरी योजना पाहिल्या, इतकी स्वस्त आणि कामाची क्वचित.

आपल्या आवारात

आता घरचं. आपलं आवार आणि समोरचा रस्ता गेली बरीच वर्षं एकच मावशी झाडतात. नाव छापू नका असं त्यांनीच सांगितलं. सकाळी साडेसहाला त्या सुरुवात करतात. गेल्या श्रावणात काळ्या पिशवीतल्या फुटक्या ट्यूबलाइटने त्यांचा तळवा कापला. दवाखान्यात तीन टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. आठ दिवस काम बंद. पिशवी कोणाची होती हे कोणी शोधलं नाही आणि शोधून उपयोगही नव्हता. पिशव्या सगळ्यांच्याच काळ्या असतात, आणि आत काय आहे हे बाहेरून दिसत नाही, खरी अडचण ही.

त्यानंतर कमिटीने हातमोजे आणून दिले. महिन्याभराने पाहिलं तर ते खुंटीवर तसेच. एका सभासदांनी जरा चिडूनच विचारलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, “मोजं लई मोठं हायती, दादा. खराटा हातात ठरत न्हाई. निसटला की पुना वाकायचं.” मोजे पुरुषांच्या मापाचे होते. मग त्यांना विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवं? त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “मागच्या अंगाला एक नळ द्या. हात धुवायला समोरच्या टाकीवर गेलं की बायका बघत्यात.”

हातमोजे, मास्क, जाकीट ही यादी मी नियमांतून काढली असती, पण नळ त्या यादीत नाही. काम सुरक्षित कसं करायचं हे काम करणाऱ्यालाच आधी विचारावं, ही या सगळ्या इतिहासाची मला समजलेली शिकवण.

म्हणून मावशींशी बोलून आणि काही माहितगार मंडळींना विचारून पुढचा प्रस्ताव तयार केला आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तो मांडावा, अशी कमिटीला विनंती.

एक, मागच्या बाजूला नळ, साबण आणि झाडूचं सामान ठेवायला छोटी पत्र्याची खोली. त्यात बसायला बाकडंही असावं.

दोन, कमरेत न वाकता झाडता येईल असा लांब दांड्याचा खराटा, तसाच फावडा आणि पंजा. मावशींच्या मापाचे, पकड चांगली असलेले हातमोजे, आणि पावसाळ्यात गमबूट व रेनकोट. साचलेल्या पाण्यात उंदराचं मूत असेल आणि पायाला जखम असेल तर लेप्टो होतो, हे मुंबईच्या पुरांनंतर आपण वाचलेलं आहे. ताप आला तर अंगावर काढायचा नाही, डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगायचं.

तीन, पाल्याच्या ढिगात हात घालायचा नाही, आधी पंज्याने हलवायचा. आपल्याकडे ढिगाखाली घोणस निघते हे नवीन सांगायला नको. पाला जाळायचाही नाही. मागच्या उतारावर खड्डा करून खत करायचं. जास्वंदीला तेच घालता येईल.

चार, रस्ता झाडताना चमकणारं जाकीट, आणि समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने तोंड. वळणावरचा भाग पुरता उजेड झाल्यावरच. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या पहाटे कशा येतात ते आपण बघतोच. झाडायच्या आधी सडा, आणि वारा पाठीशी.

पाच, हे आपल्यासाठी : काच, ब्लेड, सुई जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ असं लिहून वेगळी द्यायची. पॅड आणि डायपर लाल टिंब काढून. काळी पिशवी बंद.

सहा, आठवड्याची भरपगारी सुट्टी, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी, धनुर्वाताची लस आणि अपघात विमा. बँकेतून वर्षाला अगदी किरकोळ हप्त्यात अपघात विमा निघतो. बचत खातं असलं म्हणजे झालं, आणि मावशींचं आहे.

सगळ्याचा हिशेब मी मांडून पाहिला. नळ आणि खोलीचा खर्च एकदाच, तो दुरुस्ती निधीतून भागेल. बाकी साधनांचा वर्षाचा खर्च वाटून घेतला तर दर सदनिकेला महिन्याला एका वडापावाच्या आसपास येतो. कोणत्याही सभासदाला जड जाऊ नये.

सुट्टीच्या दिवशी झाडायचं कोणी, असा प्रश्न सभेत येईल. उत्तर आपल्याच इतिहासात आहे. पंचवीस वर्षांपूर्वी या उतारावर श्रमदान करणाऱ्यांपैकी पाच-सहा जण अजून ठणठणीत आहेत. पाळी लावावी, तरुणांनी यावं. आमच्या गुडघ्यांना आता फावडा झेपत नाही, पण सडा आम्ही घालू शकतो.